यंत्राची जन्मवेळ

वसुमतीला "किती वाजले?" असं विचारायची सोय नव्हती. ती उलट विचारायची, "कुठल्या घड्याळात?" विचारणाऱ्याला बस गाठायची असायची, चुलीवर दूध वर येत असायचं, आणि ही बया सांगणार, "आमच्या भिंतीवरच्यात सव्वादहा, माझ्या मनगटावरच्यात दहा एकोणीस, आणि खरे किती ते रेडिओला विचारायला हवं." चामराजपेटेतल्या त्यांच्या गल्लीत लोकांनी तिला वेळ विचारणंच सोडलं होतं. तिची आई गोदूबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "तीनशे वर्षं झाली आपल्या लोकांना या बंगळूरात येऊन," ती म्हणायची, "पण साध्या प्रश्नाला असं वाकडं उत्तर देणारी तूच पहिली."

हे खूळ काही जन्मापासूनचं नव्हतं. ते तिला टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये लागलं. १९५५ साली, एकविसाव्या वर्षी, ती तिथं चिकटली. मद्रासचा, मुंबईचा फोन जोडून द्यायचा, आणि तीन मिनिटं झाली की मधे तोंड घालून विचारायचं, "तीन मिनिटं झाली, पुढं बोलायचंय का?" तिथं जमनाबाई म्हणून एक मोठ्या बाई होत्या, सगळ्या मुली त्यांना चळाचळा कापायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी वसुमतीला बजावलं, "भिंतीवरचं घड्याळ मागं असो की पुढं असो, मला त्याचं काही नाही. पण फोन चालू असताना कुणी त्याच्या काट्याला हात लावला, तर तो हात मी मोडून ठेवीन."

दुसरी कुणी असती तर "सरी अक्का", म्हणजे बरं ताई, म्हणून गप्प बसली असती. वसुमतीनं विचारलं, "का?"

जमनाबाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "समज, माणूस दहाला बोलायला लागला. घड्याळ पाच मिनिटं मागं आहे म्हणून कुणी शहाण्यानं ते मधेच पुढं केलं. एक मिनिट बोललेल्या माणसाला तू सांगणार, सहा मिनिटं झाली. आणि मागं केलं तर? तर त्याचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच संपलं!"

वसुमती दिवसभर त्या वाक्याशी खेळत बसली. सुरू व्हायच्या आधीच संपलं! तिला एकदम उमगलं, की आत्ता किती वाजले हा एक प्रश्न आणि किती वेळ गेला हा अगदी निराळाच प्रश्न. सगळं जग एकाच घड्याळाकडं बघून दोन्ही उत्तरं काढतं आणि बिनधास्त राहतं, याचंच तिला नवल वाटायला लागलं. तेव्हापासून तिनं मनगटावरच्या घड्याळाचे काटे हलवणं बंद केलं. रोज सकाळी चावी द्यायची, रेडिओच्या ठोक्यांशी ताडून पाहायचं, जो फरक असेल तो वहीत लिहायचा, पण काट्याला हात लावायचा नाही. ते घड्याळ चार मिनिटं पुढं होतं, आणि वर्षानुवर्षं पुढंच राहिलं. "चुकीचं आहे तर चुकीचं," ती म्हणायची, "पण माझं घड्याळ कधी उडी मारत नाही."

तर अशी ही बाई १९६४ मध्ये एक्स्चेंजची कायमची नोकरी सोडून मल्लेश्वरममधल्या एका गणनसंस्थेत गेली. तिथं परदेशातून एक वापरलेलं संगणक यंत्र आलं होतं आणि त्याची नोंदवही ठेवायला माणूस हवं होतं. जागा एका वर्षाची, तीही यंत्राला बांधलेली. यंत्र राहिलं तर ती राहणार, यंत्र परत गेलं तर तीही घरी. गोदूबाईनं चार दिवस अबोला धरला. पाचव्या दिवशी तोंड उघडलं ते एवढंच विचारायला, "त्या यंत्रात असं आहे तरी काय?"

"तेच बघायला चालले आहे," वसुमती म्हणाली.

आणि बघण्यासारखं होतं, यात शंका नाही! चार कपाटं उभी, आत रेडिओत असतात तसले शेकडो व्हॉल्व्ह लाल डोळ्यांनी तेवत असलेले, आणि गिरणीसारखा एकसारखा घोंघावणारा आवाज. वसुमतीचं काम साधं होतं. यंत्र सुरू केलं की भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहायची, बंद केलं की पुन्हा लिहायची, आणि वजाबाकी करायची. यंत्राच्या एका कपाटाच्या दारावर तास मोजणारा एक मीटरही होता. पण तो मीटर फक्त यंत्र गणित करत असतानाच फिरायचा.

याचं कारण डुलकी. बंगळूरची वीज तेव्हा फार लहरी होती. व्होल्टेज उतरलं की व्हॉल्व्ह जळायची भीती. मग यंत्र पार बंद न करता त्याला डुलकी द्यायची: गणित थांबवायचं, हातातला आकडा आतल्या चुंबकी ढोलावर जपून ठेवायचा, आणि बॅटऱ्यांवर व्हॉल्व्ह नुसते कोमट राखायचे. वीज सुधारली की यंत्र जिथं थांबलं होतं तिथूनच पुढचं गणित करायला लागायचं. वसुमतीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती अर्धा तास त्याच्यासमोर उभी राहिली. मधे वेळ गेला हे याला कळतं का? कळत नसेल, तर याच्या दृष्टीनं तो वेळ गेलाच नाही का? तिनं हे विभागाचे प्रमुख डॉक्टर कृष्णमूर्ती यांना विचारलं. भला माणूस. हसून म्हणाले, "वसुमती, तुम्ही आधी रजिस्टर नीट भरा."

ती रजिस्टर भरायची. फक्त प्रत्येक नोंदीच्या शेजारी, समासात, बारीक पेन्सिलीनं आपल्या मनगटावरची वेळही टिपून ठेवायची. सांगितलं कुणी नव्हतं. सवयच तशी होती.

वर्ष संपत आलं आणि चाचणी ठरली. यंत्र ठेवायचं की परत पाठवायचं हे एक समिती ठरवणार होती. अट एकच. एकदा सुरू केल्यावर यंत्रानं न कोसळता शंभर तास काम करून दाखवायचं. जमलं तर यंत्र राहील, आणि वसुमतीची जागा कायम होईल. नाही जमलं तर दोघांचीही पाठवणी. एक्स्चेंजमध्ये तिच्या खुर्चीवर केव्हाच दुसरी मुलगी बसली होती, आणि घरात मिळवणारी ती एकटी.

शुक्रवारी सकाळी दहाला यंत्र सुरू करायचं ठरलं होतं. शुक्रवारचा राहुकाळ साडेदहाला लागतो आणि बाराला संपतो. बंगळूरात राहुकाळात कुणी नवं काम काढत नाही. दुकानाचं कुलूप उघडत नाहीत, मुलगी बघायला निघत नाहीत, मग एवढं मोठं यंत्र कसं सुरू करणार? सगळे तयार होते. शिपाई यल्लाप्पानं नारळ आणून ठेवला होता, कपाटांना हळदकुंकू लावलं होतं. पण कृष्णमूर्तींचा पत्ता नाही. त्यांची मोटार वाटेत बंद पडली. धापा टाकत ते आले तेव्हा भिंतीवर दहा चाळीस झाले होते.

सगळ्यांची तोंडं उतरली. "मी हे काही मानत नाही," कृष्णमूर्ती घाम पुसत म्हणाले, "पण उगाच कशाला... आता बारानंतर करायचं का?"

बारानंतर केलं असतं तर शंभर तास संपायला मंगळवारचे चार वाजले असते, आणि मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. म्हणजे इकडं आड तिकडं विहीर. तेवढ्यात यल्लाप्पा स्टुलावर चढला आणि त्यानं शांतपणे भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागं केलं. दहा वीस! सगळे खोखो हसले. कृष्णमूर्तीही हसले आणि नको म्हणाले नाहीत. नारळ फुटला, दहा पंचवीसला कळ फिरली, यंत्र घोंघावायला लागलं.

वसुमती लेखणी हातात धरून क्षणभर थांबली. "काय लिहू?" तिनं विचारलं.

"भिंतीवर काय आहे ते लिहा की," कृष्णमूर्ती म्हणाले.

तिनं शाईनं लिहिलं, दहा पंचवीस. आणि समासात पेन्सिलीनं, दहा एकोणपन्नास.

चार दिवस यंत्र नेटानं चाललं. रात्रीची आणि रविवारची पाळी इंजिनिअर मंडळींची, दिवसाची वसुमतीची. सोमवारी अकराच्या सुमाराला व्होल्टेज उतरलं, तेव्हा यंत्राला डुलकी द्यावी लागली. दुपारी ते उठलं आणि जणू काही झालंच नाही अशा थाटात कामाला लागलं.

मंगळवारी दुपारी समितीचे अध्यक्ष आले. भीमाचार्य म्हणून धारवाडचे निवृत्त गणिताचे प्राध्यापक. डोक्याला रुमाल, कपाळावर अंगाऱ्याची रेघ, खांद्यावर उपरणं, आणि नजर अशी की वहीतली चूक वही उघडायच्या आधी दिसावी. दोन वाजून वीस मिनिटांनी ते रजिस्टर घेऊन बसले. पाच मिनिटांत शंभर तास भरणार होते. कृष्णमूर्तींनी कॉफी मागवली. यल्लाप्पा दाराशी हात जोडून उभा.

"शुक्रवार दहा पंचवीस ते मंगळवार दोन पंचवीस, शंभर तास," भीमाचार्य पुटपुटले. "मधे डुलकी, दोन तास पन्नास मिनिटं. म्हणजे यंत्र जागं राहिलं सत्त्याण्णव तास दहा मिनिटं." मग ते उठले आणि कपाटाच्या दाराशी जाऊन वाकून मीटर बघितला. "मीटर सांगतो शहाण्णव तास तीस. मग ही चाळीस मिनिटं कुठं गेली?"

"मीटर जुना आहे," कृष्णमूर्ती चटकन म्हणाले. "मागं पडत असेल."

भीमाचार्यांनी मान वळवली. "नोंद कोण ठेवतं? तुम्ही का बाई? घरी मराठी बोलता वाटतं, वहीवरच्या आडनावावरून म्हणतो." आणि मग धारवाडच्या मराठीत विचारलं, "सांगा बरं, मीटर मागं पडतो का?"

एक "हो" म्हणायचं होतं. बस, एवढंच. हो म्हटलं की शंभर तास भरले, कागदावर सही होणार, जागा कायम, आई खूश. तिला खोटं बोलता येत नव्हतं असं समजू नका. आईशी आणि शेजारणींशी ती गरजेपुरतं खोटं बोलायची, सगळे बोलतात तशी. पण ती चाळीस मिनिटं सोमवारपासून तिच्या डोक्यात खडा होऊन रुतली होती. ती कुठून आली हे तिला ठाऊक होतं, पूर्ण ठाऊक, आणि ठाऊक असलेली गोष्ट न सांगता गिळायची म्हणजे तिच्या जिवावर आलं.

"मीटर बरोबर आहे," ती म्हणाली. "भिंतीवरचं घड्याळ चाललं नाही, ते हललं."

खोलीत यंत्राचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. तिनं समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी त्यांच्यासमोर धरल्या. "हे माझं मनगटावरचं. चार मिनिटं पुढं आहे, पण मी ते कधी हलवत नाही. यात यंत्र सुरू झालं दहा एकोणपन्नासला. आता दोन एकोणतीस झालेत. म्हणजे सुरू होऊन शंभर तास झालेच नाहीत, नव्व्याण्णव तास चाळीस मिनिटं झाली."

"आणि डुलकी?"

"अकरा चारला लागली, दोन चौदाला उठलं. तीन तास दहा मिनिटं. वजा करून बघा."

भीमाचार्यांनी वजा केलं. शहाण्णव तास तीस. मीटरशी तंतोतंत. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रागासारखं मुळीच नव्हतं. ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "थांबा, थांबा. आत्ताची वेळ घ्यायची, त्यातून सुरू झाल्यापासून गेलेला वेळ वजा करायचा, म्हणजे यंत्राची जन्मवेळ निघते. बरोबर? तुमच्या घड्याळातली चार मिनिटं काढली तर ती येते शुक्रवार दहा पंचेचाळीस. आणि रजिस्टरात लिहिलंय दहा पंचवीस. अहो, पोर एक आणि जन्मवेळा दोन! पत्रिका कुठल्या वेळेवर मांडायची?"

वसुमतीनं मान खाली घातली. कृष्णमूर्तींचं नाव कसं घ्यायचं?

"मी मागं केलं, स्वामी," दारातून यल्लाप्पा म्हणाला. "राहुकाळ लागला होता. पण त्याच दुपारी तीनला परत वीस मिनिटं पुढं करून ठेवलं, देवाशपथ."

"काय?" कृष्णमूर्ती ताडकन उठले. "तू पुढं केलंस? अरे, शनिवारी सकाळी मी पुढं केलं! मला वाटलं तू विसरलास."

"अय्यो! म्हणूनच सोमवारी बाराच्या भोंग्याला ते वीस मिनिटं पुढं दिसलं. मी पुन्हा मागं आणलं."

"यंत्र झोपलेलं असताना," वसुमती हळूच म्हणाली. "म्हणून रजिस्टरात डुलकी वीस मिनिटं आखूड झाली. वीस सुरुवातीची, वीस झोपेतली."

भीमाचार्य इतके हसले की त्यांचं उपरणं खाली पडलं. कृष्णमूर्तींचा चेहरा लाल झाला होता. एवढा शिकलेला माणूस, परदेशात राहून आलेला, आणि राहुकाळासाठी घड्याळ मागं करू दिलं हे समितीसमोर उघडं पडलं. त्यांनी वसुमतीकडं एकदा बघितलं, आणि ती मनात म्हणाली, संपलं.

हसणं आवरून भीमाचार्य गंभीर झाले. "शंभर तास कशाचे मोजायचे हे अटीत नीट लिहिलेलं नाही, ही चूक आमची. झोप म्हणजे मरण नाही. उठल्यावर हातातला आकडा शाबूत होता, म्हणजे यंत्र कोसळलं नाही. पण झोपेत काही काम झालं नाही, म्हणून तो वेळ कामात धरता येत नाही. मीटरवर शंभर भरू द्या. चालू ठेवा."

साडेतीन तास राहिले होते. यंत्र मंगळवारच्या अख्ख्या राहुकाळातून घोंघावत गेलं आणि त्याला काहीसुद्धा झालं नाही. भीमाचार्य वसुमतीला एकामागून एक प्रश्न विचारत बसले. घड्याळ रोज किती सरकतं, हिवाळ्यात जास्त का उन्हाळ्यात, एक्स्चेंजमध्ये कसं मोजायचे. नोकरी गळ्याशी आलेली असताना वसुमती उत्साहानं उत्तरं देत होती, आणि तिचं तिलाच नवल वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला "कुठल्या घड्याळात?" असं विचारत होतं.

साडेपाचनंतर घराघरांतून दिवे लागायला लागले आणि व्होल्टेजचा काटा खाली यायला लागला. पाच चाळीसला मीटरवर नव्व्याण्णव तास पंचेचाळीस. पंधरा मिनिटं राहिली फक्त!

"चालू ठेवा," कृष्णमूर्ती म्हणाले. "पंधरा मिनिटं काढेल."

"नाही काढणार, सर. व्हॉल्व्ह जळतील," वसुमती म्हणाली. इंजिनिअरनंही मान हलवली. यंत्राला डुलकी दिली. मीटर थांबला.

सहा वाजले, सव्वासहा झाले. वीज काही सुधारेना. भीमाचार्यांची धारवाडची गाडी होती. ते उठले, अहवालाचा कागद काढला, आणि शेवटची ओळ वाचून दाखवली: "यंत्र न कोसळता इतके तास जागं राहिलं." तासांची जागा त्यांनी कोरी ठेवली आणि खाली सही केली.

"आकडा ह्या बाई भरतील," ते कृष्णमूर्तींना म्हणाले. "टपालानं पाठवून द्या. मी नसलो तरी चालेल."

ते गेले. सात वाजून दहा मिनिटांनी काटा वर आला. यंत्र उठलं, हातातला आकडा शाबूत, पुढं चालायला लागलं. वसुमती, कृष्णमूर्ती, इंजिनिअर आणि यल्लाप्पा मीटरसमोर उभे. पन्नास. त्रेपन्न. पंचावन्न. छप्पन्न, आणि दुसऱ्या कपाटात चट्कन आवाज आला, एक लाल डोळा विझला, आणि सगळं घोंघावणं एकदम थांबलं.

चार मिनिटं! यल्लाप्पा तिथंच जमिनीवर बसला आणि डोळे पुसायला लागला. इंजिनिअर कपाटात डोकं घालून काहीतरी खुडबुडत राहिला. सही केलेला कागद टेबलावर पडला होता. त्यात शंभर लिहिलं की झालं, आणि लिहायचं कुणी तर वसुमतीनं. तिला रडू येत होतं आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. तिनं डोळे पुसले, लेखणी उचलली आणि लिहिलं, नव्व्याण्णव तास छप्पन्न मिनिटं.

कृष्णमूर्ती बघत होते. तिच्या हातातून लेखणी घेऊन त्यांनी रजिस्टरातलं दहा पंचवीस खोडलं, त्यावर दहा पंचेचाळीस लिहिलं आणि शेजारी आपली सही केली. मग म्हणाले, "घरी जा, वसुमती. उशीर झालाय."

घरी गोदूबाई ताट वाढून वाट बघत होती. "झाले का शंभर?"

"नाही आई. चार मिनिटं कमी पडली."

"चार मिनिटं? मग लिहायचे की शंभर! कोण मोजत होतं?"

"मीच मोजत होते," वसुमती म्हणाली. गोदूबाईनं ताट तसंच ठेवलं आणि आत जाऊन देवापुढं बसली. दोघींपैकी कुणीही त्या दिवशी जेवलं नाही.

बारा दिवस असेच गेले. जळका व्हॉल्व्ह बदलला, यंत्र पुन्हा चालायला लागलं, पण कुणाचं लक्ष लागेना. परदेशी पाठवायच्या खोक्यांची मापंसुद्धा घेऊन झाली. वसुमती रोज वेळेवर जायची आणि रजिस्टर भरायची. तेराव्या दिवशी धारवाडचं पाकीट आलं. कृष्णमूर्तींनी तिला खोलीत बोलावलं आणि पत्र तिच्या हातात दिलं. अक्षर भीमाचार्यांचं, वळणदार.

चाचणी नापास, असं पहिल्याच ओळीत होतं. वसुमतीला पुढचं दिसेना. तिनं डोळे पुसून वाचलं. यंत्र मात्र परत पाठवू नये. त्याची चार मिनिटांची उणीव जिथं कळते, तिथं ते दुरुस्त होईल. नुसत्या कागदावर शंभर भरले असते, तर ते परत पाठवायची शिफारस मीच केली असती. महिनाभरात पुन्हा चाचणी घ्यावी. आणि शेवटी समितीची एक अट होती: नोंद ठेवणाऱ्या बाईंची जागा दुसरी चाचणी सुरू व्हायच्या आधी कायम करावी. नंतर नव्हे.

"मी कालच सही केली," कृष्णमूर्ती म्हणाले. एवढंच. आणि खिडकीतून बाहेर बघायला लागले, तिला रडायला मोकळीक मिळावी म्हणून.

संध्याकाळी तिनं ते पत्र आईला वाचून दाखवलं. गोदूबाईनं दोनदा वाचायला लावलं. मग पदरानं डोळे टिपत म्हणाली, "म्हणजे खरं लिहिलंस, म्हणून कायम झालीस?"

"नाही गं आई," वसुमती म्हणाली. "खरं लिहिलं म्हणून नापास झालो. कायम केलंय ते पुढच्या वेळी मला खरं लिहायची भीती वाटू नये म्हणून."